धुऊन वाळत घातलेली फी

तोआकासेची फी शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत भरायची होती, आणि सोमवारी सकाळी ती फी मी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये भांड्यांच्या साबणानं धूत होते.

धुवावी लागतेच. कोनिसेतीत, म्हणजे पैसे जमवायला ठेवलेल्या आमच्या टोंगन नाचाच्या कार्यक्रमात, मुलगी नाचते ती अंगाला खोबरेल तेल चोपडून, आणि नातेवाईक एकेक करून पुढे येतात आणि तिच्या दंडावर, खांद्यावर, गळ्याशी नोटा चिकटवतात. जितकं तेल चमकतं तितकी मुलगी चांगल्या घरची. ऑस्ट्रेलियाच्या नोटा पडल्या प्लास्टिकच्या, त्या नीट चिकटत नाहीत, कोपरापर्यंत घसरतात आणि खाली पडतात. मग मागून कोणीतरी टोपली घेऊन वेचत फिरतं. हे सगळं झालं की तेलकट नोटा बँकेच्या मशीनमध्ये घातल्या तर मशीन त्या थुंकून टाकतं. म्हणून साबण. आमच्याकडे लिंबाच्या वासाचा होता.

तेव्हा धुण्याचं काही नाही. गोष्ट एवढीच होती, की ती फी आता तोआकासेची राहिली नव्हती. ती माझ्या नणंदेची झाली होती, आणि नणंद माझ्या मागे खुर्चीत बसून मला सांगत होती, की पन्नासच्या वेगळ्या वाळत घाल.

तोआकासे माझ्या नवऱ्याच्या धाकट्या भावाची मुलगी. टोंगातल्या वावाऊ बेटावरून आली, नर्सिंग शिकायला, गेल्या वर्षी. माझ्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी लहान असेल, पण मला ‘मोठी आई’ म्हणते आणि पाउलियासीला ‘मोठे बाबा’, कारण बापाचा भाऊ तोही बापच. माझी हेइलाला जन्मली तेव्हा तिचा पहिला लंगोट तोआकासेनं बदलला. मी रडत होते, पाउलियासी बाहेर गाडीत बसून रडत होता, आणि ही पोरगी वहीत टिपून घेत होती, बाळाचा रंग कसा, श्वास कसा, कारण पुढच्या आठवड्यात तिची तीच परीक्षा होती. अजूनही हेइलालाला मांडीवर घेऊन ती अभ्यास करते. एकेक हाड धरते आणि नाव सांगते. हेइलाला सात महिन्यांची आहे. आई म्हणायच्या आधी ती मांडीच्या हाडाचं नाव म्हणणार असं मला वाटतं.

इथल्या मुलींना जी फी पडते तिच्या तिप्पट तोआकासेला पडते, कारण ती बाहेरची. एका वृद्धाश्रमात ती कामाला जाते, पण बाहेरच्या विद्यार्थ्यांनी ठरल्यापेक्षा जास्त तास काम करायचं नाही असा सरकारचा नियम आहे, अभ्यासाकडे दुर्लक्ष होऊ नये म्हणून. फीकडे दुर्लक्ष झालं तर चालत नाही. मुदतीत भरली नाही तर नाव कापतात, नाव कापलं की व्हिसा जातो, आणि व्हिसा गेला की पोरगी वावाऊला, बापाच्या व्हॅनिलाच्या वेलींपाशी. त्या वेलींनी अर्धी फी दिली होती. दिरांनी दोन वर्षांचं पीक विकून ती पाठवली. उरलेली अर्धी आमच्या अंगावर, आणि त्यासाठी शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये कोनिसेती ठेवली होती.

जुलै महिना, म्हणजे इथला हिवाळा. हॉलमध्ये अशी थंडी, की खोबरेल बाटलीतच थिजलं. मी ते चहाच्या किटलीत उभं करून वितळवलं आणि मागच्या खोलीत तोआकासेच्या अंगाला लावलं. तिच्या हातांवर काटा आला होता.

“मोठी आई, दात वाजतायत माझे.”

“वाजू देत. नाचताना हसायचंच असतं. दात दिसले म्हणजे झालं.”

नाचली मात्र सुंदर. टोंगात नाच हातांचा असतो, पाय जवळजवळ जागेवरच. डोक्यावरचं पीस तेवढं थरथरतं. ते तालावर थरथरत होतं की थंडीनं, ते मला एकटीला ठाऊक. लोक “मालिए, मालिए”, म्हणजे वाहवा, म्हणत उठले. ज्यांच्याकडे भाडं थकलंय तेही उठले. पाउलियासीचा एक चुलतभाऊ तर तिच्यामागे माकडासारखा उड्या मारत नाचला, म्हणजे त्याच्या ओबडधोबडपणापुढे तिचा नाच आणखी नाजूक दिसावा. ती पद्धतच आहे. तो या कामासाठी सगळीकडे बोलावला जातो. टोपली भरली. उरलेली अर्धी फी भरेल एवढी भरली, वर थोडे पेट्रोलला.

मग जेवणं, आणि जेवणानंतर पाउलियासीचं भाषण.

इथे कालिसी वन्संबद्दल सांगायला हवं. पाउलियासीची धाकटी बहीण. ऑकलंडला असते, नवरा वारल्याला चार वर्षं झाली. आमच्याकडे बहीण धाकटी असली तरी भावापेक्षा वरची. पाउलियासी तिला अहो-जाहो करतो. ती जे मागेल त्याला भावानं नाही म्हणायचं नसतं, आणि तिच्याकडे काही मागायचं नसतं. मोठेपणी भाऊ-बहीण एका खोलीत फार वेळ बसत नाहीत, थट्टा करत नाहीत, पैशाचा विषय तर काढतच नाहीत. म्हणून ती राहायला आली की पाउलियासी गॅरेजमध्ये राहायला जातो. तिथे गादी आहे, टीव्ही आहे, रग्बी दिसते. तो कुरकुर करत नाही. भावाच्या मुलांना तर आत्या म्हणजे देवाच्या जरा खाली. हेइलालाचं नावही तिनंच ठेवलं, फोनवरून. मी दुसरं एक नाव योजून ठेवलं होतं. ते अजून माझ्याजवळच आहे.

समारंभात आत्याला उंच खुर्ची, सगळ्यात मोठा केक, सगळ्यात चांगली चटई. तिच्यापुढे जे ठेवाल ते तिचं. म्हणून काय ठेवायचं ते लोक विचार करून ठेवतात.

पाउलियासी विचार करून उठला होता. चटई, केक, झाडाच्या सालीचं रंगवलेलं मोठं कापड, एवढंच द्यायचं ठरलं होतं. पण भाषण करता करता त्याला वडील आठवले. मग आई आठवली. मग त्याचा आवाज भरून आला, मागच्या बाकावरच्या बायका नाक पुसायला लागल्या, आणि त्या भरात त्यानं नोटांची टोपली उचलली, गुडघे टेकले आणि ती बहिणीच्या पायांशी ठेवली. म्हणाला, “आमच्याकडे जे आहे ते सगळं तुमचंच आहे. ही मुलगी तुमची, हा दिवस तुमचा, आणि हेही तुमचं.”

भाषणात असं म्हणतात. ऐकायला छान वाटतं. आत्या टोपलीला हात लावते, डोळे पुसते, म्हणते, “पोरीच्या शाळेला द्या,” आणि टोपली परत येते. मी लहानपणापासून पाहत आले, दर वेळी टोपली परत आली.

कालिसी वन्सं म्हणाल्या, “मालो.” म्हणजे धन्यवाद. आणि टोपली खुर्चीखाली ढकलली.

पाळकांनी शेवटची प्रार्थना जरा लांबवली, कोणाला काही सुचतंय का म्हणून. कोणाला काही सुचलं नाही. आमेन झालं.

दुसरा दिवस रविवार. रविवारी आम्ही काम करत नाही. म्हणून धुणं सोमवारी.

“तो वीसचा गठ्ठा अजून चिकट लागतोय,” वन्सं म्हणाल्या. “पुन्हा एकदा घे.”

“हो वन्सं.”

“पोरीला तेल फार लावलंस.”

“थंडी होती ना.”

“थंडीत कमी लावायचं.”

मी वीसचा गठ्ठा पुन्हा घेतला. हेइलाला खाली चटईवर पालथी पडून चमचा चावत होती. कपडे वाळत घालायच्या घडीच्या स्टँडवर एका बाजूला तिचे लंगोट आणि झबली, दुसऱ्या बाजूला चिमट्यांनी लावलेल्या नोटा. पिवळ्या पन्नासच्या, लाल वीसच्या, मधूनमधून हिरवी शंभराची. बघायला छान दिसत होतं. खिडकीतून ऊन आलं होतं.

“रविवारी आमच्या चर्चमध्ये वार्षिक दान आहे,” वन्सं म्हणाल्या. मी काही विचारलं नव्हतं. “माइकवर वाचतात. नाव आणि रक्कम. नाव आणि रक्कम. गेल्या वर्षी माझ्या आधी लोआमानूचं घर वाचलं आणि मग माझं. माझी रक्कम वाचली तेव्हा एक पोरगं खोकलं.”

“पोरं खोकतात, वन्सं.”

“खोकलं नाही ते. हसलं.” त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली. “तुझे भावजी होते तेव्हा आमचं नाव पहिल्या पाचात असायचं.”

मी नोट पिळली. प्लास्टिकची नोट पिळायची नसते, पण हातांना सवय.

दुपारी मी गॅरेजमध्ये जेवण घेऊन गेले.

“घेतली तिनं,” पाउलियासी म्हणाला. शनिवारपासून तो एवढंच म्हणत होता.

“तू दिलीस.”

“मी भाषणात दिली.”

“भाषणात दिलीस, पण टोपली खरी होती.”

“सगळ्यांच्या बहिणी परत देतात.”

“तुझी देत नाही. आता पुढचं बोल.”

त्यानं शिजवलेल्या कंदाचा तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावला. “तू बोलून बघ.”

“मी? मी तुझी बायको. तिच्यासमोर मला नीट बसायची चोरी, आणि मी पैसे मागू?”

“मागायचे नाहीत. धुणं काढताना सहज विषय काढायचा.”

“काय म्हणू? वन्सं, ही फी कोरडी झाली, विद्यापीठाला देऊ का?”

त्यानं खरोखर विचार केला. “असं नको,” तो म्हणाला.

“मग तू बोल. तुझीच बहीण आहे.”

“बहीण आहे म्हणून तर बोलता येत नाही. परकी असती तर आत्ता जाऊन बोललो असतो.”

“बँकेकडून कर्ज?”

“व्हॅनचं आहे ना आधीच.”

“तुझे चुलते, मामे?”

“त्यांनी शनिवारी खिसे उलटे केले. ते पैसे आत्ता तुझ्या स्टँडवर वाळतायत.”

परत आले तर तोआकासे स्टँडजवळ उभी. हात मागे बांधून, दुकानाच्या काचेतलं काही बघावं तसं बघत होती. मला बघून तिनं हेइलालाचा एक लंगोट काढला आणि घडी घातली. नोटेला हात लावला नाही. आत्याच्या वस्तूला हात लावायचा नसतो.

मंगळवारी तिनं विद्यापीठाला फोन केला. माझ्याच सांगण्यावरून. फोन टेबलावर ठेवला होता, आवाज मोठा. वन्सं न्हाणीघरात होत्या, त्यांना वेळ लागतो. पलीकडची मुलगी गोड बोलत होती.

“मुदत वाढवून मिळते,” ती म्हणाली, “पण कारण लागतं. आजारपण आहे का?”

“नाही.”

“घरात कोणी गेलंय?”

“नाही, सगळे आहेत.”

“बँकेकडून पैसे यायला उशीर?”

“पैसे आलेत. घरातच आहेत.”

“अच्छा. मग अडचण काय आहे?”

तोआकासेनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, सांग.

“माझ्या आत्याकडे आहेत.”

“चोरी झाली का? पोलिसात तक्रार असेल तर तो कागद चालतो.”

“नाही नाही. आम्हीच दिले.”

“मग त्यांना परत मागा ना.”

“मागता येत नाहीत.”

पलीकडे काहीतरी टाइप केल्याचा आवाज आला आणि थांबला. “याला माझ्याकडे कुठला रकाना नाही,” ती मुलगी म्हणाली. तिला वाईट वाटलेलं आवाजावरून कळलं. “नैसर्गिक आपत्ती म्हणून एक आहे.”

तोआकासेला त्याचा मोह झाला, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. पण मुलगी प्रामाणिक आहे. “नको,” म्हणाली, “तसं म्हणता येणार नाही,” आणि फोन ठेवला. मग हेइलालाला उचलून पोटाशी धरलं, तिच्या टाळूवर नाक ठेवलं आणि म्हणाली, “गेले तर हिचे दात बघायचे राहतील.”

खालचे दोन तेव्हा नुकते टोचायला लागले होते. मी सिंककडे वळले आणि फोन घेतला.

वन्संना कोणी काही म्हणू शकत नाही हे खरं. पण वन्संनाही आत्या आहे.

वाइमोआना आजी. माझ्या सासऱ्यांची बहीण, नव्वदीची. कॅम्पबेलटाउनला मुलीकडे असते. गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून शनिवारी आली नव्हती. आली असती तर उंच खुर्ची तिला मिळाली असती आणि कालिसी वन्सं खाली चटईवर बसल्या असत्या. मी फोन लावला.

“आजी, सेइनी बोलतेय. उद्या लू करतेय. अळूची पानं चांगली मिळाली. जेवायला येता का? पाउलियासी व्हॅन घेऊन येईल.”

“नारळाचं दूध डब्यातलं की किसून?”

“किसून.”

“मग काहीतरी आहे,” आजी म्हणाली. “कोण आलंय?”

“कालिसी वन्सं आल्यात. गुरुवारी परत जातील.”

पलीकडे चाललेला टीव्ही बंद झाला.

“शुक्रवारी आली असेल ना ती.”

“हो.”

“आणि मला भेटायला आली नाही.”

“गडबडीत असतील, आजी.”

“दहाला पाठव व्हॅन,” आजी म्हणाली.

बुधवारी चाकांच्या खुर्चीतून आजी आत आली तेव्हा वन्सं टीव्ही बघत होत्या. त्यांनी आजीला पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सोफ्यावरून उठून खाली बसल्या. माझ्याकडे पाहिलं ते मी अळूच्या पानांकडे बघत असल्यामुळे मला नीट दिसलं नाही.

“माझे गुडघे दुखतात म्हणून मी आले नाही,” आजी वन्संना म्हणाली. “तुझं काय दुखतंय?”

“येणारच होते, आत्या. उद्या विमानतळावर जाता जाता.”

“कॅम्पबेलटाउन विमानतळाच्या वाटेवर आलं का आता? बरं झालं.”

जेवण झालं. मांस, नारळाचं दूध, कांदा, सगळं अळूत बांधून भाजलेलं. आजीनं दोन पुड्या संपवल्या, बोटं चाटली, आणि हात पुसायला फडकं मागितलं. पाउलियासी दाराबाहेर पायरीवर ताट घेऊन बसला होता, बहिणीच्या खोलीबाहेर आणि आत्याच्या हाकेच्या अंतरावर.

“कोनिसेती झाली म्हणे.”

“झाली,” वन्सं म्हणाल्या.

“जमले?”

“देवाच्या दयेनं.”

“माझ्या वाट्याचं कोणी आणून दिलं नाही.”

खोलीत हेइलाला तेवढी बोलत होती, तिचं ते एकाच अक्षराचं. वन्सं हळूहळू उठल्या, आतल्या खोलीत गेल्या. टोपली घेऊन आल्या, आजीसमोर बसल्या आणि खाली मान घालून ती पुढे सरकवली. दारातून मला पाउलियासीची पाठ दिसत होती. ताट धरलेला हात हवेत थांबला होता.

आजीनं टोपली मांडीवर घेतली आणि नाकाशी नेली. “लिंबाचा वास येतोय.”

“सेइनीनं धुतल्या.”

“चांगल्या धुतल्यास गं.” मग वन्संना, “तुझ्याकडे कशा काय?”

“दादांनी दिल्या.”

“भाषणात?”

“हो.”

“भाषणात दिलेलं कोणी घेतं का?”

वन्संचे कान लाल झाले. त्या क्षणी मला त्या पहिल्यांदाच कुणाच्या तरी लेकीसारख्या दिसल्या.

“मी घेतलं होतं एकदा,” आजी म्हणाली. “तुझ्या बापाकडून. डुक्कर होतं. तीन वर्षं बोलला नाही तो माझ्याशी. तसाही बोलायचा नाही म्हणा.” आणि टोपलीवर हात ठेवून बसून राहिली.

आता फी आतल्या खोलीतून चाकांच्या खुर्चीत आली होती, एवढाच काय तो फरक. आजीच्या वर कोणी नाही. तिच्या आत्याची कबर वावाऊला आहे. मी भांडी गोळा करायला लागले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

“नाचली ती पोर कुठली? तू? इकडे ये.”

तोआकासे गुडघ्यांवर सरकत पुढे गेली.

“काय शिकतेस?”

“नर्सिंग, आजी.”

“कोणाची सेवा करायला?”

“आजारी माणसांची. म्हाताऱ्यांची.”

“इथल्या?”

“हो.”

“मग ते तुला किती देतात?”

“देत नाहीत, आजी. मी देते. दर सहा महिन्यांनी.”

“दर सहा महिन्यांनी?” आजी माझ्याकडे वळली, पोरगी काहीतरी चुकतेय असं वाटून. मी मान हलवली. “आणि इथल्या पोरी?”

“त्याही देतात. कमी.”

“का?”

“त्या इथल्या आहेत ना.”

आजीनं यावर विचार केला. “म्हणजे इथल्या म्हाताऱ्यांची ढुंगणं तू पुसणार, आणि त्याचे पैसे तूच देणार. आणि तू परकी म्हणून जास्त देणार.”

“हो, आजी.”

“आणि शिकलेले लोक हे चालवतात.”

“हो.”

पाउलियासी पायरीवर खोकला. आजीनं टोपलीत हात घातला, एक मूठ भरली, तशीच न मोजता आपल्या पिशवीत कोंबली आणि चेन लावली. “घेतलं नाही तर लोक म्हणतील म्हातारी गेली,” ती म्हणाली. मग टोपली उचलून तोआकासेच्या हातात दिली. “हे माझ्याकडून. शाळेत भर. बापाला सांग, वाइमोआनानं दिले.”

तोआकासे रडली. मी रडले. पायरीवर कोण रडलं ते मी बघायला गेले नाही. वन्सं ताटातल्या पानाचा देठ बोटानं इकडून तिकडे सरकवत होत्या.

म्हातारीची मूठ मोठी निघाली. संध्याकाळी तोआकासेनं नोटा मशीनमध्ये भरल्या, मशीननं एकही परत केली नाही, आणि फीला नऊशे डॉलर कमी पडले. आजीला ते सांगायचं कोणी? आजीनं दिलं होतं. दिलेल्याला कमी म्हणायचं नसतं.

“वृद्धाश्रमात जास्तीचे तास मागू?” तोआकासे म्हणाली.

“नियम मोडला तरी व्हिसा जातोच,” मी म्हटलं. “तसा गेला काय, असा गेला काय.”

गुरुवारी सकाळी वन्संची बॅग दाराशी लागली. चटई गुंडाळून बांधलेली, सालीचं कापड, उरलेला केक डब्यात. पाउलियासी व्हॅन धूत होता, म्हणजे बहिणीसमोर यायला नको. मी हेइलालाला अंघोळ घालून चटईवर घेतलं होतं आणि तेल लावत होते. किटलीत वितळवलेलंच. ती या वेळी सगळ्यात खुशीत असते. उताणी पडते आणि दोन्ही हात वर करून मनगटं फिरवते, पाय झाडते, आणि वर छताकडे बघून कोणालातरी हसते.

वन्सं येऊन शेजारी बसल्या. गुडघे दुमडून, नीट, समारंभात बसतात तशा. थोडा वेळ बघत राहिल्या.

“हात चांगले फिरवते,” त्या म्हणाल्या.

“हो वन्सं.”

“पाय फार हलवते. ते शिकवावं लागेल.”

“शिकवू.”

त्या बारीक आवाजात गुणगुणायला लागल्या. शनिवारी हॉलमध्ये वाजलं तेच गाणं. हेइलालानं मान वळवली आणि आणखी जोरात मनगटं फिरवली. वन्संनी आपली पर्स उघडली, एक नोट काढली आणि हेइलालाच्या पोटावर ठेवली. तेलाला ती चिकटून बसली. दुसरी मांडीवर. तिसरी खांद्याला. हेइलालानं तिसरी पकडून तोंडात घातली. मी ती काढली आणि बाजूला ठेवली, आणि वन्संनी तिच्या जागी चौथी ठेवली. नोटांवर माझ्या ओळखीचे चेहरे नव्हते. न्यूझीलंडच्या होत्या. त्या रविवारी कुठे जायच्या होत्या ते मला ठाऊक होतं.

पर्समध्ये जेवढ्या होत्या तेवढ्या त्यांनी लावल्या. विमानतळावरच्या चहापुरती एक ठेवली. मग ओठातल्या ओठात म्हणाल्या, “मालिए.”

परत घ्या असं म्हणता येत नाही. नाचणारीच्या अंगावरची नोट परत घेत नाहीत.

“कोणासाठी नाचली ही?” वन्संनी विचारलं. माझ्याकडे बघत नव्हत्या.

“ताईसाठी,” मी म्हटलं. “तोआकासेसाठी.”

“मग तिला दे.” त्या उठल्या, सहा दिवसांत पहिल्यांदाच माझ्या खांद्याचा आधार घेऊन. “आणि भावाला सांग, भाषण थोडक्यात करत जा.”

“सांगते.”

“सांगू नकोस. नको. मी सांगितलं असं वाटेल.”

व्हॅनमध्ये पाउलियासी पुढे आणि वन्सं अगदी मागच्या सीटवर. विमानतळापर्यंत दोघं एक शब्द बोलले नसणार. पण परत आल्यावर पाउलियासी म्हणाला, की उतरताना त्यांनी त्याच्या हातात केकचा डबा दिला. “तुमच्या मुलीला,” एवढं म्हणाल्या. सात महिन्यांच्या मुलीला केक.

मी नोटा धुतल्या. त्यांचाही वास लिंबाचा झाला. शुक्रवारी तोआकासे त्या बदलून घ्यायला मॉलमध्ये गेली. न्यूझीलंडचा डॉलर थोडा हलका, त्यात बदलणाऱ्यानं त्याचं कापून घेतलं, आणि पुन्हा अठ्ठेचाळीस डॉलर कमी. ते पाउलियासीनं व्हॅनच्या पेट्रोलमधून दिले आणि आठवडाभर ट्रेननं कामावर गेला.

पाचच्या आत फी भरली. आम्ही तिघं लॅपटॉपसमोर बसलो होतो, हेइलाला माझ्या मांडीवर. पडद्यावर हिरवी खूण आली, रक्कम मिळाली, आभार. त्याच्या खाली पुढच्या सहामाहीची रक्कम आणि तारीख. फेब्रुवारी. रक्कम याहून जरा मोठी होती, दर वर्षी वाढवतात म्हणे.

पाउलियासी गॅरेजमधून आपली उशी आणायला गेला.

तोआकासेनं लॅपटॉप मिटला, हेइलालाला माझ्याकडून घेतलं, टेबलावर दोन पायांवर उभं धरलं आणि जरासं सोडून पाहिलं. ती दुमडली आणि खाली बसली. तोआकासेनं पुन्हा उभं केलं.

“फेब्रुवारीपर्यंत राहील ना ही उभी?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, “राहील. आधी घोटा बघ नीट धरलायस का.”

तिनं घोटा धरला, आणि तिथल्या हाडांची नावं सांगायला लागली.